यादीतून गळालेल्या मुली

शनिवारी सकाळी आठ वाजल्यापासून घाटकोपरच्या त्या धर्मादाय रुग्णालयाचा व्हरांडा मुलांनी भरून जायचा. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात आणि आठ-पंधरा दिवसांत सगळं बरंही होतं. आईबाप विसरून जातात. पण तो ताप जाताना काही मुलांच्या हृदयाची झडप बिघडवून जातो. त्यावर उपाय साधा: दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं, न चुकवता. चुकलं की ताप पुन्हा येतो आणि झडप आणखी आवळते. ही मुलं इंजेक्शन न चुकवता कशी येतील, याचाच डॉक्टर मृणालिनी कारखानीस तीन वर्षं अभ्यास करत होत्या. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, प्रत्येक इंजेक्शनचा एक शिक्का.

पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. डिसेंबरमधल्या परिषदेत वाचायच्या निबंधासाठी मृणालिनी कार्डं लावत बसल्या होत्या. बाईंचा हात रिकामा राहत नसे; काही नाही तर टेबलावरच्या टाचण्या तरी त्या आकारानुसार लावत. त्याच खोडीने त्यांनी मुलांची कार्डं एकीकडे आणि मुलींची एकीकडे केली आणि त्यांचा हात थांबला. मुलांची कार्डं शिक्क्यांनी भरत गेली होती. मुलींची मात्र सोळाव्या-सतराव्या वर्षी एकदम कोरी पडत होती. खाली कारकुनाने लिहिलेलं असे, ‘पत्त्यावर नाही’. अशा अडतीस मुली निघाल्या.

त्या ती अडतीस कार्डं घेऊन तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर नंदकुमार धुरंधर हुशार माणूस, हाताला यश असलेला.

‘‘सापडत नाहीत ना? मग वगळ. सगळे वगळतात,’’ कार्डांकडे न बघताच ते म्हणाले. ‘‘तीनशे बारा नोंदवलेली, त्यांतली दोनशे चौऱ्याहत्तर हाताशी आहेत आणि त्यांत नव्वद टक्के यश आहे. तुला रीडरच्या जागी बढती मिळावी म्हणून मला हाच आकडा दाखवायचाय.’’

‘‘पण सर, मुलीच कशा हरवतात? एकही मुलगा नाही?’’

‘‘लग्नं होऊन जातात. आपण हृदयाचे डॉक्टर आहोत, मृणालिनी. वधुवर सूचक मंडळ नाही.’’

मृणालिनींना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अडतीस पत्त्यांतला पहिला घेऊन त्या विक्रोळीला गेल्या.

कारखान्यामागच्या चाळीत कमलच्या वडिलांची, धोंडिरामची खोली शोधायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. ‘पत्त्यावर नाही’ असलेली कमल पत्त्यावरच होती, दाराशी बसून कपबशा विसळत होती. सतरा वर्षांची, उंच, गालांवर तांबूस छटा. लोक त्याला तेज म्हणत. आवळलेल्या झडपेमुळे गाल असे दिसतात, हे मृणालिनींना माहीत होतं. डॉक्टरबाईंना बघून कमल उठली तर खरी, पण तिच्या आधी तिची आई शकु बाहेर आली.

‘‘या, या, बाई!’’ ती मोठ्याने म्हणाली आणि आतल्या पाहुण्यांकडे वळली. ‘‘ह्या आमच्या कमलच्या शाळंतल्या बाई. लगीन ठरलं कळल्यावर मुद्दाम आल्या बघा.’’

तिचे डोळे मात्र हात जोडत होते. मृणालिनी आत गेल्या. खुर्चीवर देवनारहून आलेली सरूबाई बसली होती, कमलची होणारी सासू. तिचा चंदर बसवर कंडक्टर होता. धोंडिरामच्या घरी भगवान बुद्धांच्या प्रतिमेसमोर, दोन हार घालून लग्न व्हायचं होतं. ना हुंडा, ना मानपान, ना पत्रिका. चांगली, शहाणी माणसं होती ती सगळी. त्यांनी किती जोखडं मानेवरून काढून फेकली होती! तरी हे एक राहिलं होतंच. ते राहिलं होतं म्हणण्यापेक्षा, ते कोणाला जोखड वाटतच नव्हतं. मुलीचं दुखणं झाकायचं असतं, यात विचार करण्यासारखं काय आहे?

‘‘बाई, तुम्ही शाळेतल्या, खोटं नाय बोलणार,’’ सरूबाई मोकळेपणाने म्हणाली. ‘‘पोर कशी आहे सांगा. आम्ही काय मागितलं नाय, आणि मागणार पण नाय. पोर धडधाकट पायजे, बास.’’

मृणालिनींच्या हातात पोह्यांची बशी होती. शकु चहा ढवळायची थांबली होती. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोर दोन घरं आनंदात होती, चहा होत आला होता आणि मृणालिनी भिडस्त होत्या. हृदयाच्या कसल्याही दुखण्याला न कचरणारी बाई चारचौघांत अवघडून गेली.

‘‘गुणी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शाळा कधी बुडवली नाही तिने.’’

खरं तर कमलची दीड वर्षं तापात गेली होती.

निघताना कमल बसथांब्यापर्यंत आली. पन्नास पावलांवर ती थांबली, कमरेवर हात ठेवून तिने दम घेतला.

‘‘बाई, मी चंदरला सांगून टाकते ना. तो तसा नाय. परवा जिना चढताना मला धाप लागली, तर त्यानंच विचारलं, काय होतंय म्हणून. मी बोलले, काय नाय. नंतर दिवसभर डोक्यात तेच.’’

‘‘आई काय म्हणते?’’

‘‘आई बोलते, जीव देईन. माझ्यामागे धाकटी आहे ना. मी मोडकी निघाले तर तिला कोण विचारणार?’’

मृणालिनींनी तिचा हात हातात घेतला. मग अतिशय प्रेमाने त्या जे बोलल्या, ते पुढे त्यांना आयुष्यभर ऐकू येत राहायचं होतं. ‘‘आत्ता नको. लग्न होऊ दे, मग हळूहळू सांग. इंजेक्शनसाठी माहेरचं निमित्त करून येत जा. वर्षभरात झडपेचं छोटं ऑपरेशन करू, मग तू ठणठणीत. मात्र तोवर मूल नको. ऐकतेस ना?’’

कमल हसली. ‘‘दुखणं न सांगता मूल नको हे कसं सांगायचं, बाई?’’

तेवढ्यात बस आली आणि त्या चढल्या.

लग्नानंतर कमल दोनदा इंजेक्शनला आली. मे महिन्यापासून तिचं कार्ड कोरं राहिलं. मृणालिनी त्याकडे बघत आणि कामाला लागत. कामं काय, भरपूर होती. देवनारला जाऊन यावं असं दर शनिवारी त्यांच्या मनात येई. पण तिथे जायचं म्हणजे शाळेच्या बाई म्हणून जायचं की डॉक्टर म्हणून, इथे गाडं अडे. जिवाला स्वस्थता नव्हती. घरी जेवताना त्या मधेच उठून फेऱ्या मारू लागल्या.

नोव्हेंबरात एका दुपारी वॉर्डातून बोलावणं आलं. पाच महिन्यांची गरोदर बाई, धाप लागलेली, तोंडातून तांबूस फेस. मृणालिनी धावत गेल्या. कमलला आडवंही होता येत नव्हतं. पलंगाचा कठडा धरून ती बसली होती. प्राणवायू लावला, इंजेक्शनं दिली, शल्यविशारदाला तातडीने बोलावलं. तिला जरा उतार पडला, की लगेच झडप उघडायची असं ठरलं. मृणालिनी कपाळ पुसत मागे वळल्या, तर सरूबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

‘‘तुम्ही... शाळेतल्या बाई ना?’’

‘‘नाही. मी हिची डॉक्टर. त्या दिवशी मी खोटं बोलले.’’

चंदर बायकोचा हात धरून उभा होता. त्याला यातलं अजून काहीच कळलेलं नव्हतं.

दोन दिवस डोळ्यांत तेल घालून सगळे कमलपाशी राहिले. पण ऑपरेशन सोसण्याइतका उतार तिला पडलाच नाही. तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी ती गेली. शकु व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. धोंडिराम कागदांवर सह्या करत होता. सरूबाई मृणालिनींच्या समोर येऊन उभी राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर मृणालिनींना बरं वाटलं असतं.

‘‘तुम्ही तेव्हा सांगितलं असतं ना बाई, तर मी लगीन मोडलं असतं,’’ ती म्हणाली. ‘‘आता कशाला खोटं बोलू. शकुला चार शिव्या पण घातल्या असत्या. पण पोर आईकडे जगली असती. मी तिला हंडे उचलायला लावले. दोन हंडे आणले की खाली बसते म्हणून आळशी बोलले तिला. ती नुसती हसायची. मला कळलं असतं तर मी उचलले असते की हंडे. माझे हात काय मोडले होते?’’

मृणालिनी तिथेच बाकावर बसल्या आणि रडल्या. डॉक्टरांनी रुग्णाच्या नातेवाइकांसमोर रडू नये, असं त्या स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत.

डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी निबंध वाचला. अडतीस मुली त्यांनी वगळल्या नाहीत; उपचार पोहोचले नाहीत अशांत मोजल्या. नव्वदाचे एकोणऐंशी झाले. ‘‘औषधात खोट नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मुलगी लग्नाची झाली की तिचं हृदय घरच्यांना लपवावंसं वाटतं आणि आपण त्यांना साथ देतो. यांतल्या एका मुलीला गप्प राहायला मी स्वतः सांगितलं. ती गेल्या महिन्यात गेली.’’ टाळ्या बेताच्याच पडल्या. रीडरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

धुरंधर तीन आठवडे त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी ते स्वतःच त्यांच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

‘‘माझ्या वसुधेला एकदा बघशील? घरी येऊन. कागदपत्र नको.’’ ते खिडकीकडे तोंड करून बोलत होते. ‘‘बाराव्या वर्षी सांधेताप झाला होता. इंजेक्शनं मीच देतो. फेब्रुवारीत लग्न आहे, जुहूला स्थळ मिळालंय. एक मूल तरी झेपेल का, एवढंच सांग.’’

हा माणूस अडतीस मुली वगळ म्हणाला, तेव्हा त्याच्या मनात एकोणचाळिसावी होती तर!

‘‘सासरी माहीत आहे, सर?’’

‘‘वेडी आहेस का? आणि तुझ्या त्या चाळीतल्यांसारखं हे नाही. मी स्वतः डॉक्टर आहे, लक्ष ठेवीन.’’

‘‘त्या चाळीत मीही डॉक्टरच होते, सर. मी तपासते वसुधेला. पण झेपेल की नाही ते तिला सांगेन, तुम्हाला नाही. पुढे कोणाला सांगायचं, ते तिचं तिने ठरवायचं.’’

‘‘मग राहू दे,’’ धुरंधर म्हणाले आणि गेले. जानेवारीच्या शेवटी लग्नपत्रिका मात्र आली. सबंध विभागाला आली होती.

त्या पत्रिकेने मृणालिनींची उरलीसुरली झोप उडवली. बोलावलं नसताना जायचं, वरिष्ठांच्या घरी, त्यांच्या पाठीमागे? नोकरीवर बेतलं असतं. दोन दिवस त्यांनी मनाशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी, धुरंधर वॉर्डात असताना, त्या मुलुंडला त्यांच्या घराची घंटा वाजवत उभ्या होत्या.

वसुधा तेवीस वर्षांची, चष्मेवाली, जरा फटकळ. आई खरेदीला गेली होती. साड्यांचे खोके बाजूला सारून तिने बाईंना बसवलं. मृणालिनींनी तिला कमलची हकीकत सांगितली, पोह्यांच्या बशीपासून हंड्यांपर्यंत. बसथांब्यावर आपण काय बोललो, तेही शब्दन्‌शब्द सांगितलं.

‘‘तिने चंदरला आधीच सांगितलं असतं, तर तो तिच्यासाठी थांबला असता?’’ वसुधेने विचारलं.

‘‘माहीत नाही. तिला विचारून बघायचं होतं. मी विचारू दिलं नाही.’’

‘‘आणि मी काय करावं?’’

‘‘हवं तेव्हा ये, मी तुला नीट तपासीन, जे असेल ते सगळं तुलाच सांगेन. तू गप्प बस असं मात्र मी आता कोणालाही सांगणार नाही.’’

वसुधेने साड्यांच्या खोक्यांची झाकणं एकेक करून लावली. ‘‘बाबा घर डोक्यावर घेतील,’’ ती म्हणाली. मग उठून तिने कोपऱ्यातल्या तिपाईवरचा फोन मांडीवर घेतला. मृणालिनी निघायला उठल्या, तर तिने हातानेच त्यांना बसायला सांगितलं. तिचं बोट चकतीवर दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जुहूचा नंबर लागला.

‘‘मी वसुधा. नाही रे, हॉलचं काही नाही. तुला आणि तुझ्या आईला एक सांगायचंय, आणि मधे बोलू नकोस. मला लहानपणापासून हृदयाचा आजार आहे. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं, कदाचित ऑपरेशनही लागेल. आमच्या घरच्यांनी ते तुमच्यापासून लपवलं. मीही लपवलं.’’

वसुधेने फोन खाली ठेवला नाही; दोन्ही हातांनी कानाशी धरून ती पलीकडचं उत्तर ऐकायला थांबली.