हुकमाशिवाय उघडू नये

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, एका संपूर्ण राष्ट्राचे स्वातंत्र्य अठरा वर्षे माझ्या पोटात सुरक्षित होते. उत्तरेकडून, दक्षिणेकडून किंवा आकाशातून कोणीही चालून आले असते, तरी गाठ माझ्याशी होती. अर्थात त्यासाठी त्या शत्रूला आधी वेंडेलिन झेम्पच्या झोपायच्या खोलीतले कपाट उघडावे लागले असते आणि लोकरी मोजे बाजूला करावे लागले असते. मी त्यांच्या मागे असे.

माझा जन्म १९७१ साली सरकारी कारखान्यात झाला. माझ्या पोटात चोवीस काडतुसे ओळीने निजवण्यात आली, कडा डाखाने बंद करण्यात आल्या आणि झाकणावर साल ठोकून त्याखाली तीनच शब्द छापण्यात आले: ‘हुकमाशिवाय उघडू नये’. इतर डब्यांच्या अंगावर किती उपदेश असतात! हलवून घ्या, गरम करा, लवकर संपवा. मला मात्र एकच उपदेश होता आणि तोही मला नव्हता.

आमच्या स्वित्झर्लंडमध्ये गवळी, शिक्षक, न्हावी असे सगळेच पुरुष शिपाई असतात. बंदूक घरी न्यायची आणि सोबत माझ्यासारखा एक डबा. युद्ध सुरू झालेच, तर आपल्या तुकडीपर्यंत पोचेस्तोवर वाटेत लागतील म्हणून ही चोवीस. वेंडेलिन आमच्या एंटलेबुखच्या खोऱ्यात पिवळी टपालबस चालवत असे. युद्धाच्या दिवशीही तो सकाळी सात वाजून बारा मिनिटांच्या, म्हणजे सात बाराच्या, बसनेच जाणार आणि ती स्वतःच चालवणार, याविषयी घरात कोणाला शंका नव्हती.

या माणसांचे मला फार कौतुक वाटते. लाखो कपाटांत लाखो डबे होते. त्याच घरांत भांडणेही होती. शेजारच्या कुंपणाची उंची चार बोटे जास्त आहे म्हणून अकरा वर्षे न बोलणारी दोन कुटुंबे आमच्याच आळीत होती. पण रागाच्या भरात कोणी डब्याला हात लावला, असे मी ऐकले नाही. ते एकमेकांना पत्रे लिहीत. फार रागावले, तर रजिस्टर्ड पोस्टाने.

वेंडेलिन माझी काळजी घेई ती पाहण्यासारखी होती. बंदूक एका जागी, तिचा खटका वेगळ्या खणात, मी तिसरीकडे, आणि तिन्ही जागांना कुलूप. दर वसंतात तो मला बाहेर काढी, कोरड्या फडक्याने पुशी, कडेवरून अंगठा फिरवून गंज चढला नाही ना ते बघे आणि परत मोज्यांच्या मागे ठेवी. मला त्याने कधी हलवून पाहिले नाही. कुतूहल हा गुण त्याच्यात नव्हता आणि काडतुसे सांभाळणाऱ्यात तो नसावाच.

तपासणीच्या दिवशी ‘हरिण’ नावाच्या खाणावळीसमोरच्या मैदानात सगळे शिपाई आपापली ताडपत्री अंथरत. तिच्यावर बूट, ब्रश, मोजे, चाकू आणि मी. हवालदार कास्पार बीरी एकेक वस्तू उचलून बघे. वेंडेलिनच्या ताडपत्रीपाशी तो जरा जास्तच वेळ थांबे. त्याचे कारण असे की १९८० साली एकदा कास्पार धावत येत असताना, दारापासून दोन पावलांवर असताना, वेंडेलिनने बस सोडली होती. सात बारा झाले होते. तेव्हापासून कास्पार माझ्यात एक ओरखडा शोधत होता. मी त्याला तो मिळू दिला नाही.

मग १९८९ चा ऑक्टोबर आला. वेंडेलिन पन्नाशीचा झाला आणि सेवेतून मोकळे होण्याचा त्याचा दिवस ठरला. त्या दिवशी डबा परत करायचा. सील मोडलेले निघाले, तर शिक्षा आणि अख्ख्या खोऱ्यासमोर नाचक्की. तीस वर्षांची निष्कलंक सेवा माझ्या एका कडेवर टेकलेली होती.

आणि नेमकी तेव्हाच कपाटाला कसर लागली.

वेंडेलिनच्या बायकोने, आगथाने, कपाट रिकामे केले आणि मला तळघरात ठेवले. जागा कोरडी, थंड, कुलूपबंद. तिची काहीच चूक नव्हती. पण तळघर ही वेंडेलिनच्या आईची, चौऱ्याऐंशी वर्षांच्या थेरेसियाबाईंची, जहागीर होती. प्रत्येक घरात संकटकाळासाठी तांदूळ, साखर, तेल आणि डबे साठवून ठेवावेत, असे सरकार सांगते. थेरेसियाबाई ते ऐकत. जुने आधी खायचे, नवे मागे लावायचे आणि प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. सर्वांत जुन्यावर लाल टिंब.

त्यांची दृष्टी अधू झाली होती, पण बोटे शाबूत होती. नासपतीच्या डब्यांशेजारी त्यांना एक बिनचिठ्ठीचा डबा लागला. झाकणावर बोट फिरवले. एकाहत्तर! हॅमचाच जुना डबा असे समजून त्यांनी तिथेच चिठ्ठी डकवली, नेमकी माझ्या तीन शब्दांवर, आणि भले मोठे लाल टिंब दिले.

निरोपाच्या दिवशी सकाळी आठ वाजता मी चुलीवर पातेल्यातल्या पाण्यात होतो. त्या घरी हॅमचा डबा उघडण्याआधी उकळत.

“अठरा वर्षं!” थेरेसियाबाई पातेल्याशी बोलत होत्या. “अठरा वर्षं हॅम पडून राहतं आणि सूनबाई म्हणते, आई, तळघरात मी लक्ष घालते.”

मित्रांनो, काडतुसे उकळत्या पाण्याने उडत नाहीत, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा नव्हते.

खालून, तळघराच्या जिन्यातून, वेंडेलिनचा आवाज आला. “आगथा! कुठे ठेवलायस म्हणालीस?”

“तिसरी फळी! नासपतीच्या शेजारी!”

“नासपती आहे. शेजार नाहीये!”

“नीट बघ. डोळे उघडून!”

“जागा आहे, चौकोनी. आगथा, दहाला मला कास्पारसमोर उभं राहायचंय! त्याला काय दाखवू, नासपती?”

इकडे थेरेसियाबाईंनी मला चिमट्याने बाहेर काढले, फडक्यावर ठेवले आणि ओपनर हातात घेतला. त्याचे टोक माझ्या कडेला टेकले. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला शत्रू दिसला आणि त्याने एप्रन बांधला होता.

पण गरम पाण्याने चिठ्ठी सुटली होती. ती घसरून खाली पडली. थेरेसियाबाईंनी भिंग काढले, नाक झाकणाला लावले आणि एकेक अक्षर वाचले. मग ओपनर खाली ठेवला.

“वेंडेलिन!” त्या ओरडल्या. “हे हॅम उघडायला हुकूम लागतो म्हणे! मला कुणी दिलाय का?”

जिन्यावर बूट वाजले. वेंडेलिन दारात आला तो टेबलक्लॉथसारखा पांढरा. त्याच्या मागे आगथा.

“आई, ओपनर खाली ठेव.”

“ठेवलाय. अडाणी आहे का मी? लिहिलंय ना वर.”

मी आयुष्यात पुष्कळ देशभक्तीची भाषणे ऐकली आहेत. बरीचशी मोज्यांच्या आडून ऐकली, म्हणून नीट कळली नसतील. पण देश कशावर उभा असतो, ते मला त्या क्षणी कळले. तो अशा म्हातारीवर उभा असतो, जिला भूक लागलेली आहे, जिच्या हातात ओपनर आहे, जिच्यावर कोणाची नजर नाही, आणि तरीही जी विचारते.

दहा वाजता मी ताडपत्रीवर होतो. कास्पारने मला उचलले आणि लगेच दुसऱ्या हातात घेतले.

“शिपाई झेम्प. हा डबा गरम आहे.”

“होय, हवालदारसाहेब.”

“कशानं?”

वेंडेलिनला खोटे बोलता येत नसे. “आईनं उकळला.”

“शिजला का बघा, कास्पार,” रांगेतून कोणीतरी म्हणाले.

“गप्प! किती वेळ उकळला?”

“वीस मिनिटं.”

कास्पारच्या चेहऱ्यावर नऊ वर्षे वाट पाहिल्याचे समाधान पसरले. त्याने नियमांचे पुस्तक काढले आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचले. मग पुन्हा वाचले. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

“नियमांत तापमानाचा उल्लेख नाही,” तो म्हणाला. हे वाक्य उच्चारताना त्याला झालेले दुःख मी जवळून पाहिले आहे. तो गप्प बसला असता, उगाच काहीतरी शेरा मारला असता, तर कोणाला कळले असते? पण तोही थेरेसियाबाईंच्याच देशातला.

“पण पाणी शिरलं असेल, तर डबा नापास,” तो म्हणाला. त्याने मला कानाशी धरून हलवले, कडेवरून अंगठा फिरवला आणि ताठ उभा राहिला. “उघडा!”

मित्रांनो, तोच तो हुकूम. अठरा वर्षे ज्याची वाट पाहिली, तो आला आणि वेंडेलिनने चाकू माझ्या कडेत घातला. पत्रा कुरकुरत मागे गेला. चोवीसच्या चोवीस काडतुसे आत होती, कोरडी ठणठणीत, काल भरल्यासारखी झळझळीत.

कास्पारने ती मोजून घेतली आणि वहीत लिहिले: ‘निर्दोष’. मग आवाज खाली आणून विचारले, “झेम्प, उद्याची बस किती वाजता?”

“सात बारा.”

“हं. आणि मी दोन पावलांवर असलो तर?”

वेंडेलिनने प्रामाणिकपणे विचार केला. “तर सात बाराच,” तो म्हणाला.

रिकाम्या डब्यासाठी वहीत रकाना नव्हता. म्हणून वेंडेलिनने मला घरी आणले. आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो आणि माझ्यात थेरेसियाबाईंची बडीशेपेची बिस्किटे असतात.

तर मित्रांनो, जे जपायचे, ते कोरड्या आणि थंड जागी, कुलपात आणि खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा. अधूनमधून पुसत जा. वर काय लिहिले आहे ते वाचा आणि त्यावर चिठ्ठी डकवू नका. पोटात काहीही असले, तरी हुकूम येईपर्यंत न उघडण्याचे धैर्य ज्या घरात असते, त्या घराचे कोणी काही वाकडे करू शकत नाही.

राहिली एक गोष्ट. माझे झाकण त्या दिवशी कायमचे गेले आहे आणि बिस्किटे नरम पडू लागली आहेत. जाता जाता माझ्यावर एखादी बशी पालथी घालाल का?