पियूषच्या नावावरचा बदल

मी तोंडाची फटकळ आहे, हे अख्ख्या मुरुडला ठाऊक आहे. बाजारात कुणी शिळी सुरमई ताजी म्हणून गळ्यात मारायला गेलं, तर तिथल्या तिथे चार शब्द ऐकवते. पण त्या सोमवारी रावजी सरांनी विचारलं, "हा पार्ट कुणी बदलला?" आणि माझी वाचा बसली ती बसलीच.

रावजी सरांचं वर्कशॉप आगरदांड्याला. मासेमारीच्या बोटींसाठी आम्ही एक छोटं सर्किट बनवतो. बोटीच्या तळात पाणी साठलं की भोंगा वाजतो, एवढंच त्याचं काम. मी इकडे बसते, पियूष खाडीपलीकडे दिघीच्या खोलीत. कुठल्या पार्टचा कुठला पाय कुठे येतो, हे सगळं दोघांच्या एकाच लायब्ररीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइलींत. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे आलं तर आलं, म्हणून ही लायब्ररी पेनड्राइव्हमध्ये घालून फेरीबोटीने ये-जा करते. गिट नावाचं सॉफ्टवेअर कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवतं. सरांचा नियम असा की, एकाने बदललेला पार्ट दुसऱ्याने तो बनवणाऱ्या कंपनीच्या कागदाशी ताडून बघायचा आणि मगच बोर्ड बनवायला पाठवायचे.

मासेमारी बंद असते त्या दिवसांत आमची धावपळ असते. नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांना बोर्ड हवे असतात. असंच एकदा पेनड्राइव्ह घेऊन मी दिघीला गेले, तर पियूष माझ्यासाठीच वडापाव आणायला गेलेला. कॉम्प्युटर चालू होता. बघते तर भोंगा चालू करणाऱ्या पार्टचे, ट्रान्झिस्टरचे, पाय उलटे! म्हटलं, काय बाई हा माणूस, साधे तीन पाय धड लावता येत नाहीत. मी ते बदलले आणि नोंदीत लिहिलं, 'पाय नीट केले'. कागदावरचं चित्र खालून बघितल्यासारखं होतं, मी ते वरून धरलं. नीट होतं ते मीच उलटं करून ठेवलं. कॉम्प्युटर पियूषचा, त्यामुळे नोंद त्याच्या नावावर पडली. तो आला, वडापाव खाल्ला, गप्पांत सांगायचं राहूनच गेलं.

दिघीहून आलेला बदल तपासायचं काम कुणाचं? माझंच. माझ्याच कामाला मी पास म्हटलं, कागद उघडलासुद्धा नाही.

टेबलावर भोंगा वाजला, म्हणून चाळीस बोर्ड बाहेर गेले. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर थोडे दिवस कसाबसा रेटतो, मग मरतो. आमच्या कोळीवाड्यातल्या धर्मा नानांच्या बोटीवर तो मेला. भोंगा वाजला नाही, पाणी इंजिनापर्यंत चढलं. नाना घाईघाईने खाली उतरले आणि इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात हात अडकला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

सोमवारी सरांनी नोंद उघडून मोठ्याने वाचली. पियूषचं नाव, तारीख, वेळ. तपासताना नजरचूक झाली म्हणून मला नुसती ताकीद. पियूष स्क्रीनकडे बघतच राहिला. "मला आठवत नाही सर," तो म्हणाला, "पण नाव माझंच आहे. म्हणजे मीच केलं असणार." बघा, त्याला स्वतःलाच पटलं!

त्याच दिवशी तो हॉस्पिटलात नानांच्या पाया पडला. नाना कळवळून म्हणाले, "तुला दिसत न्हाय का रं? माज्या पोटावर पाय दिलास तू." पियूष खाली मान घालून ऐकत होता. मी शेजारीच चहाचा थर्मास घेऊन उभी. भीती वाटली हो मला. नाना माझ्या गल्लीतले, उद्या कोळीवाड्यात मला कुणी दारात उभं केलं नसतं. मी कपात चहा ओतला.

पियूषने राजीनामा दिला. सरांनी तो घेतलाही.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मात्र राहवेना. सकाळची फेरीबोट धरली. पियूष लायब्ररीतला एकेक पार्ट उघडून कागदाशी ताडत बसलेला. दोनशेच्या वर पार्ट.

"जायच्या आधी सगळे तपासतोय," तो म्हणाला. "कल्पिता, तूही एकदा नजर टाकशील? माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा राहिला नाही."

मेले मी तिथे.

"पियूष, तो बदल माझा आहे. तू वडापाव आणायला गेला होतास तेव्हा तुझ्या कॉम्प्युटरवर मी केला." मग एका दमात सगळं सांगितलं. त्याच्यासमोरच सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला, पुन्हा सगळं सांगितलं. सरांनी तारीख आणि वेळ पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "ते चाळीस तर मागवलेच, आता तू पास केलेले बाकीचे बोर्डही आजच परत मागवतो. तू उद्या नानांकडे चल, तुझ्या तोंडाने सांग." फोन बंद झाला.

पियूष ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"रविवारी मी तुला फोन केला होता," तो हळूच म्हणाला.

हे मी मघापासून तुमच्यापासूनही लपवलं. लाज वाटली. रविवारी दुपारी त्याचा फोन आला होता, पोरासारखा हुंदके देत होता.

"तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतंय?"

"आठवतंय."

"म्हण ना परत."

मी खाली बघत म्हटलं.

"मी म्हटलं, रडू नकोस पियूष. मी तुला माफ केलं."