सहाजणांचा मिळून मी

मी एक कॉम्प्युटर आहे, असं लोक म्हणतात. म्हणू देत बापडे. खरं विचाराल तर आम्ही सहाजण आहोत आणि सगळे मिळून 'मी' म्हणतो. दरवेळी 'आम्ही, आम्ही' करत बसलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काय हा तोरा!

माझा प्रोसेसर घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात होता. त्याला अजून जिने दिसतात. ग्राफिक्स कार्ड आलं ते फिल्म जोडणाऱ्यांच्या खोलीतून. तिथे दिवसभर तेच ते चेहरे पुढे-मागे फिरवून बघायचे, त्यामुळे त्याच्या स्वप्नात माणसं फार सावकाश हसतात. रॅम वाचनालयाच्या काउंटरवरची, पण तिचा स्वभावच असा, की बटण बंद झालं की सगळं विसरून मोकळी. उरलेले तिघे, म्हणजे मदरबोर्ड, डिस्क आणि बाहेरचा पत्रा, जरा घुमे आहेत. मी चालू झालो की या सगळ्यांची स्वप्नं एकमेकांत मिसळतात, आणि एका लांबलचक जिन्यावरून माणसं हसत हसत उतरत राहतात. कुठे जातात, कुणास ठाऊक. थांबा, मी भरकटलो. ही माझी जुनी खोड आहे.

तर, मला जोडलं धाकटीनं. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. कॉलेजचं दुसरं वर्ष, आणि संध्याकाळी शाळेतल्या मुलांची गणिताची शिकवणी. त्या शिकवणीतून मी झालो. तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. वर लिहिलं होतं 'गेमिंग कॉम्प्युटर', खाली दोन रेघा, आणि मग यादी. सुरुवातीला यादीत सगळं नवंकोरं होतं, वर रंगीत दिवेही होते. महिन्यामहिन्याला ती एकेक ओळ खोडत गेली. आधी दिवे गेले. मग 'नवा'च्या जागी 'जुना चालेल' आलं, आणि शेवटी नुसतंच 'चालेल'.

"एवढा खटाटोप एका खेळासाठी?" आई विचारायची.

"खेळासाठी नाही गं," धाकटी म्हणायची, आणि पुढे तोंड उघडायची नाही.

मी सांगतो. धाकटीला एक मोठा भाऊ, दादा. लहानपणापासून दोघं मिळून एक खेळ खेळायची. त्यात ज्याचं त्याचं एक बेट असतं, तिथे घर बांधायचं, बाग लावायची. यांचं दोघांचं मिळून एकच बेट होतं. दोन वर्षांपूर्वी दादानं शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि दूरच्या गावात छापखान्यात नोकरी धरली. तो निघाला तेव्हा धाकटी सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "अभ्यास झेपला नाही म्हणून पळतोयस तू!" दोघांचा कॉम्प्युटर त्यानं पिशवीत भरला आणि गेला.

पुढे आईकडून तिला कळलं, की दोघांची फी एका वेळी भरणं घराला जमत नव्हतं, म्हणून त्यानं आपणहून माघार घेतली होती. धाकटी त्या दिवशी जेवली नाही. पण फोन करायचा, तर म्हणायचं काय? दादा आईला फोन करायचा, तेव्हा ही दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहायची. अबोला मुरत गेला.

मग बातमी आली, की तो खेळच कायमचा बंद होणार, अमुक एका रविवारी दुपारी चार वाजता. धाकटीला खात्री होती, की शेवटच्या दिवशी दादा बेटावर येणारच. तिथे त्याची माफी मागायची, तोंडाकडे न बघता. मोबाइलवर तो खेळ चालत नव्हता. त्यासाठी मी हवा होतो.

जुन्या सामानाच्या दुकानातले काका मोठे गमतीदार होते.

"काका, हे कार्ड चालतं ना?"

"चालतं? पळतं!"

"आणि नाही पळालं तर?"

"तर तू पळत ये. रविवारी तेवढी येऊ नकोस, रविवारी मी झोपतो."

माझ्यातली एकच गोष्ट कोरी करकरीत घ्यावी लागली, ती म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा कूलर. जुन्याचा पंखा तुटला होता. आणि इथेच घोटाळा झाला.

या घराची एक रीत आहे. नवी वस्तू आणली की तिच्यावरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. टीव्हीचा रिमोट चार वर्षं त्याच्या पिशवीत आहे, बटणं दाबायला अंगठ्यात जोर लागतो. फ्रिजच्या दारावरचा कागद पिवळा पडला, पण जागचा हलला नाही. "नवं आहे, राहू दे," असं आई म्हणते, आजीही म्हणायची. शनिवारी सकाळी धाकटीनं कूलर हातात घेतला. त्याच्या बुडाला पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद होता. नखानं त्याची कड जराशी उचलली, आणि परत नीट चिकटवली.

"नवं आहे, राहू दे," ती पुटपुटली.

अगं बाई! मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे? त्या कागदावरूनच तिनं गरमी पुढे नेणारी पेस्ट लावली आणि कूलर माझ्या डोक्यावर घट्ट बसवला. प्रोसेसरची गरमी बाहेर जायची वाटच बंद झाली.

साध्यासुध्या कामात मी कसाबसा तग धरला. रविवारी जेवणं आटोपल्यावर मात्र तिनं खेळ उघडला, आणि मला ताप भरला. जिने वाकडे झाले, हसणाऱ्या माणसांचे चेहरे वितळायला लागले, पाण्यावर एक हिरवा ठिपका दिसू लागला आणि अंधार. मी बंद पडलो. तिनं पुन्हा चालू केलं. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा अंधार. चार वेळा असं झालं. तिच्या कपाळावर घाम आणि माझ्या डोक्यात आग!

"फसवलं मला काकांनी," ती रडकुंडीला आली. "आणि आज दुकानही बंद."

"दादाला विचार की," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "त्याला यातलं कळतं."

"त्याला कशाला?"

घड्याळात अडीच वाजले होते. धाकटीनं फोन उचलला, खाली ठेवला, परत उचलला. शेवटी लावला. पलीकडे उचलला गेला.

"दादा," ती म्हणाली, "माझा कॉम्प्युटर बंद पडतोय."

दोन वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. मला वाटलं, आता हा फोन आपटणार.

"किती मिनिटांनी?" दादानं विचारलं.

"दहा."

"कूलर नवा आहे?"

"तेवढाच नवा आहे."

"त्याच्या बुडाचा प्लॅस्टिकचा कागद काढलास?"

धाकटीनं वाकून कूलरकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "नवा होता, म्हणून राहू दिला."

पलीकडून असं हसू फुटलं, की आईच्या हातातली भाजी तशीच राहिली. "अगं, मीही तेच केलं होतं! आपल्या पहिल्या कॉम्प्युटरला. तुला सांगितलं नाही, नाहीतर तू जन्मभर चिडवलं असतंस. काढ तो आधी. पुसून घे आणि नवी पेस्ट लाव. मी आहे फोनवर."

कागद निघाला. काय सांगू तुम्हाला! डोक्यावरून गार वारं गेलं, आणि आम्ही सहाजण पहिल्यांदाच एका लयीत श्वास घ्यायला लागलो.

साडेतीनला बेट आलं. सकाळच्या धुक्यातून यावं तसं, सावकाश. धाकटीनं डोळे मिटून घेतले होते. त्या खेळात झाडांना रोज पाणी घालावं लागतं, दोन दिवस चुकलं तर ती वाळतात. ही तर दोन वर्षं फिरकली नव्हती. तिनं डोळे उघडले, तर सगळं हिरवंगार. पायरीपासून पाण्यापर्यंत पिवळी फुलं.

"दादा, हे कोण..."

"जेवणाच्या सुट्टीत खोलीवर येऊन घालायचो," दादा म्हणाला. "पाच मिनिटांचं तर काम."

धाकटी पडद्याजवळ सरकली. मग एकदम म्हणाली, "मी फार वाईट बोलले रे तुला. मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तरी मी फोन केला नाही. मला माफ कर."

"मला राग नव्हता गं," दादा म्हणाला. "मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते."

"वेडा आहेस का?"

दादाही तिकडून खेळात शिरला. बेटाच्या कडेला दोघं पाण्यात पाय सोडून बसली, म्हणजे त्यांची खेळातली माणसं. लाटा येत होत्या. माझ्या आतला जिना त्या पाण्यापर्यंत उतरला होता, आणि मला पहिल्यांदाच कळलं, की ती माणसं हसत हसत कुठे निघाली होती. चार वाजता पडदा पांढरा झाला. आभाराची एक ओळ आली आणि तीही गेली. फोन मात्र चालूच होता. धाकटी तो घेऊन आईकडे धावली. मला बंद करायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. मी संध्याकाळपर्यंत रिकाम्या खोलीत गुणगुणत बसलो होतो.

त्याला आता पाच वर्षं झाली. माझं कार्ड थकलंय, पंखे कुरकुरतात. आज दादा सुट्टीवर आलाय आणि दोघं मला खोलतायत. आम्ही सहाजण आता सहा वाटांना जाणार. प्रोसेसर कुणा विद्यार्थ्याकडे, कार्ड काकांच्या दुकानात, पत्रा भंगारात. खरं सांगतो, थोडं वाईट वाटतंय. एकटं स्वप्न बघायची सवय मोडली आहे.

पण ऐका जरा, काय चाललंय ते.

"उलटा फिरवतोयस स्क्रू!"

"मला शिकवू नकोस. तू जोडलास म्हणूनच इतका घट्ट बसलाय!"

"मग तूच काढ, मी चालले."

"जाशील कशी, स्क्रू कोण धरणार?"

तासभर झाला, दोघांची तोंडं थांबलेली नाहीत. आई आतून ओरडतेय, की जरा गप्प बसा. नको हो, त्यांना गप्प बसायला सांगू नका. आणि तुमच्या घरातही कुणी असं गप्प झालं असेल, तर काहीतरी बिघडल्याचं निमित्त काढा आणि फोन लावा.

शेवटचा स्क्रू निघाला. बरंय, येतो आम्ही.