बटणाचे व्हिडिओ

तीन दिवस झाले, लेकीचा व्हिडिओ काही उघडत नव्हता. मधोमध एक गोल फिरायचा, दमायचा, आणि मग पाटी यायची की जागा शिल्लक नाही. शिंपीणबाईंनी फोन बंद करून पाहिला, पदराच्या टोकानं पुसून पाहिला, खिडकीत नेऊन धरला. शेवटी शिलाई मशीनवर झाकण घातलं आणि धाकट्या भावाला बोलावून घेतलं. तो मोबाइल दुरुस्त करायचा आणि बहिणीची चेष्टा करायचा. दोन्ही कामांत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या कुणी फोन लावून सरळ विचारलं असतं, काय गं पाठवलंयस? पण या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन ओळी लिहायची, जेवले, बरी आहे, एवढंच. व्हिडिओ कॉलवर हात पुसट दिसायचे. मनातलं सांगायचं तर ती सावकाश व्हिडिओ काढून पाठवायची, आणि बोलायची हातांनी. ही हातांची भाषा कुठल्या शाळेतली नव्हती, मायलेकींनी कपडे शिवता शिवता घरीच जुळवलेली होती. दोरा ओठांनी ओला करायचा, एक डोळा मिटायचा आणि हवेतल्या सुईत ओवायचा, म्हणजे आई. दोन बोटं गळ्याला टेकवायची, म्हणजे लेक. कारण दोन वर्षांची असताना तिनं शर्टाचं बटण गिळून घरादाराच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. तेव्हापासून तिचं घरातलं नावच बटण. ती खूण आई, लेक आणि मामा सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हती.

“आण इकडे. घोडं कुठं पेंड खातंय ते बघू,” म्हणत भावानं सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं. रंगीत पट्टी शेवटच्या टोकापर्यंत भरलेली होती.

“हे बघ ताई, चौसष्ट जीबीचं कपाट आहे. हा खण फोनला स्वतःलाच लागतो, त्याला आपण हात लावायचा नाही. ही ॲप. हे गिऱ्हाइकांनी पाठवलेले कॉलरचे नमुने. आणि रोज सकाळी ही फुलं कोण पाठवतं?”

“अस्तरवाला. म्हातारा आहे रे बिचारा.”

“असू दे म्हातारा. त्याची बाग आपण का राखायची?”

फुलं गेली, कॉलरी गेल्या. पट्टी जेमतेम बोटभर मागे सरली.

“सगळी जागा बटणाच्या व्हिडिओंनी खाल्लीय. दोन वर्षांचे आहेत. जुने उडवून टाकू,” भाऊ म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पुढच्या क्षणी फोन बहिणीच्या हातात होता.

“एकही उडवायचा नाही.”

“अगं, बघून झालेत ना?”

“मी रोज बघते.” आणि मग, कुणालाच न सांगितलेलं, तिनं सांगून टाकलं.

लेक परगावी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात लागली, तिथे तिच्यासारखीच पंचवीसेक मुलं होती. त्यांची शिकलेली, चारचौघांत चालणारी खुणांची भाषा होती. लेक ती भराभर शिकली. हल्ली व्हिडिओत तिचे हात निराळेच चालायचे, आणि आईला निम्मं कळायचं नाही. “तिला मैत्रिणी मिळाल्या, बरंच झालं,” बाई म्हणाल्या. “पण आपलं बोलणं ती विसरत चाललीय रे. उद्या मीही विसरले, तर ते फक्त या जुन्या व्हिडिओंतच उरणार आहे.”

भावानं फोन परत मागून घेतला आणि व्हिडिओ नुसतेच वरखाली सरकवत बसला. थोड्या वेळानं तो थांबला.

“ताई, हा एकच व्हिडिओ पाच वेळा का दिसतोय? आणि हाही?”

“कॉपी केलेत. एक गेला तर दुसरा असावा.”

शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडल्याशिवाय या बाईनं आयुष्यात कपडा शिवला नव्हता. माणूस वाढतं, कापड आटतं, आत काहीतरी शिल्लक असलेलं बरं, हा तिचा कायदा. फोनलाही तिनं तोच लावला होता.

भाऊ पोट धरून हसला. “एकाच घराच्या पाच किल्ल्या, पाचही एकाच पर्समध्ये! पर्स हरवली की बस दाराबाहेर.”

त्यानं प्रत्येक व्हिडिओची एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवली आणि तो बहिणीच्या बटणांच्या डब्यात टाकला. मग फोनमधल्या जादा प्रती काढल्या. काढलेलं सामान महिनाभर फोनमधल्याच कचऱ्याच्या डब्यात पडून जागा अडवतं, म्हणून तोही रिकामा केला. बाई जवळ बसून एकेक व्हिडिओ शाबूत आहे ना, ते बघत होत्या. पट्टी अर्ध्यावर आली. मग त्यांनी नव्या व्हिडिओवर बोट ठेवलं. गोल एकदा फिरला आणि तो उघडला.

लेक होती. शेजारी कारखान्याचा एप्रन घातलेला एक उंच मुलगा होता. त्यानं इकडे बघून हवेतल्या सुईत दोरा ओवला, ओला न करताच. लेकीनं लगेच त्याचा हात धरून ओठांशी नेला. त्यानं पुन्हा केलं. ओठ, मिटलेला डोळा, सुई. आई. मग त्यानं लेकीकडे बोट दाखवलं आणि भीतभीत दोन बोटं आपल्या गळ्याला टेकवली.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. लेक काहीच विसरली नव्हती, ती शिकवत होती. आणि घरातलं नाव बाहेरच्या माणसाला असं कुणी देत नाही.

“कोण गं हा?” भावानं विचारलं.

“दोरा ओला करायला शिकला, की जावई.” त्यांनी डोळे पुसले. “याच्या पाच कॉपी कर.”

“ताई!”

“बरं, एकच कर. पण तुझ्या फोनमध्ये.”