ब्रुन्तेची झुलपं

कॉफीच्या किटलीचं झाकण खडखडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. बराच वेळ कुणी काही बोललं नव्हतं, पण त्यात विशेष असं काही नव्हतं. राग्नवाल्डच्या घरी चार माणसं जमली की आधी पोटभर गप्प बसायचं आणि मग तोंड उघडायचं, अशीच रीत होती. घाई करायला घोडे होते.

राग्नवाल्डच्या मुलीने, हिलेवीने, उठून किटली खाली घेतली. तिकडच्या रीतीने कपांच्या तळाशी चीजचे तुकडे टाकून वर कॉफी ओतली. टेबलावर राग्नवाल्डने साखरेचे खडे मांडले होते. खडे म्हणजे घोडे, आणि टेबलाची कड म्हणजे ओस्टरसुंडच्या ट्रॅकची आतली कड. शनिवारी तिथे दुडक्या चालीच्या जाडजूड, केसाळ घोड्यांची मोठी शर्यत होती. उत्तरेत एवढं बक्षीस दुसऱ्या कुठल्या शर्यतीला नव्हतं. टेबलाभोवती बसलेल्या चौघांच्या मालकीचा ब्रुन्ते त्यात ओदिन आणि राप्पेन या नावाजलेल्या घोड्यांविरुद्ध धावणार होता.

"ब्रुन्ते सुटतो गोळीसारखा," राग्नवाल्ड म्हणाला. "पुढे काढायचा आणि पुढेच ठेवायचा. यात चर्चा कसली?"

"मग कॉफीला कशाला बोलावलंस?" अस्ता म्हणाली. अस्ताने जन्मभर गावचं पोस्ट सांभाळलं होतं. शनिवारच्या पैजा सोडल्या तर तिचं कधी काही चुकत नसे. "हे बघ, सुटायचं जोरात, पण मग ओदिनला पुढे येऊ द्यायचं आणि त्याची पाठ धरायची. वारा ओदिन खाईल. आपण त्याच्या आडोशाला बसू आणि शेवटच्या वळणावर बाहेर पडू."

"आणि बाहेर राप्पेन भिंतीसारखा चिकटून चालला असेल तर? बसा मग डब्यात लोणच्यासारखे. मागच्या वर्षी तुझ्या घोडीचं काय झालं?"

"ती माझी नव्हती. मी फक्त पैसे लावले होते तिच्यावर."

"पैसे गेले ना? मग तुझीच."

चौथा भागीदार, शेजारचा बोर्ये, यावर श्वास आत ओढून 'हो' म्हणाला. त्या भागात हो म्हणायला तोंड उघडावं लागत नाही, आणि बोर्ये तर नाहीसुद्धा तसाच म्हणत असे.

"कुणाला हो म्हणालास?" अस्ताने विचारलं.

"कॉफीला," बोर्ये म्हणाला. जरा वेळाने टेबलाकडे बघत म्हणाला, "ओदिन कुठे गेला?"

सगळ्यांनी बघितलं. खड्यांच्या रांगेत पुढची जागा रिकामी होती. राग्नवाल्डने टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथे हिलेवीची पाच वर्षांची लेक स्वेआ बसली होती.

"ओदिन बघितलास का गं?"

"हो," स्वेआ म्हणाली. "गोड होता."

राग्नवाल्डने दुसरा ओदिन मांडला.

"एवढं डोकं कशाला शिणवता?" अस्ता म्हणाली. "जिंकला तर नॉर्वेचा घरजावई होतो आपला पोरगा."

यावर मात्र सगळे हसले, हिलेवी सोडून. गोष्ट खरी होती. डोंगरापलीकडच्या ओद्वार नावाच्या नॉर्वेजियनाला पैदाशीसाठी घोडा हवा होता. ही शर्यत ब्रुन्तेने जिंकली तर तो घेणार, नाहीतर नाही, असं वसंतातच ठरलं होतं. तेव्हा हिलेवीनेही हातावर हात दिला होता. ब्रुन्तेला या शर्यतीचं आमंत्रण येईल असं तेव्हा स्वप्नातही कुणाला वाटलं नव्हतं. त्या पैशाने चौघांचंही काही ना काही अडलेलं सुटणार होतं. पण रोज सकाळी तबेल्यात ब्रुन्ते तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा, आणि स्वेआ चालायला शिकली तीच त्याच्या पायाला धरून. याचं काय करायचं, ते कुठे ठरलं नव्हतं.

"हात वर करा," राग्नवाल्ड म्हणाला. "पुढे ठेवायचा?"

त्याचा हात वर गेला. बोर्येचाही गेला, पण त्याला पाव हवा होता की काय, हे नक्की सांगता आलं नसतं.

"पाठ धरायची?"

अस्ताचा हात वर गेला. हिलेवीने कपातला चीजचा तुकडा चमच्याने काढला, खाल्ला, आणि मग हात वर केला.

राग्नवाल्ड तिच्याकडे बघतच राहिला. "तू? अगं, दोन-दोन झाले की ज्याच्या हातात ब्रश त्याचा शब्द शेवटचा, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, बाबा."

ब्रुन्तेला रोज घासूनपुसून ठेवायचा ब्रश हिलेवीच्या हातात होता. राग्नवाल्डने ब्रुन्तेचा खडा ओदिनच्या मागे सरकवला आणि शर्यतीत ब्रुन्तेची दुचाकी गाडी हाकणाऱ्या येर्केरला फोन करून तसं कळवलं.

एक गोष्ट फक्त हिलेवीला माहीत होती. ब्रुन्ते शर्यतीत नेहमी पुढेच असायचा, म्हणून ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. हिवाळ्यात जंगलात सराव करताना एकदा पुढच्या घोड्याच्या टापांनी उडालेला बर्फ याच्या तोंडावर आला. हा जो थांबला तो थांबलाच. लाडावलेल्या पोरासारखा रुसून उभा राहिला आणि शेवटी तिने लगाम धरून त्याला पायी घरी आणला. ओदिनच्या मागे तर तोंडावर खडी येणार होती.

दुपारी तबेल्यात स्वेआ ब्रुन्तेच्या पायाला मिठी मारून रडायला लागली तेव्हा हिलेवी तिच्यापाशी बसली.

"नाही जाणार तो. खडी उडली की रुसेल. मागून हळूहळू येईल आणि मग आपण त्याला घरी आणू."

"नक्की?"

"नक्की."

शनिवारी ट्रॅकवर सॉसेजच्या गाड्यांचा धूर पसरला होता. शर्यतीआधी ब्रुन्तेच्या कपाळावरची झुलपं वेणीत बांधायचं काम हिलेवीचं. ती घट्ट बांधली नाहीत तर डोळ्यांवर येतात. तिने कंगवा काढला तशी स्वेआ म्हणाली, "नको ना बांधू. बांधलीस की तो आपला ब्रुन्ते वाटत नाही."

हिलेवीचा हात थांबला. मग तिने कंगवा खिशात टाकला. बोर्येने ते पाहिलं.

"मुंडावळ्या बांधलेल्या दिसतायत," तो म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य ते.

घोडे सुटले. ब्रुन्ते गोळीसारखा निघाला. येर्केरने त्याला आवरलं, ओदिनला पुढे जाऊ दिलं आणि त्याची पाठ धरली. राप्पेन बाहेरून येऊन भिंतीसारखा चिकटला.

"बसला डब्यात," राग्नवाल्ड म्हणाला.

हिलेवीने कठड्यावर उभ्या असलेल्या स्वेआची कंबर घट्ट धरली. ओदिनच्या टापांखालून खडी उडत होती. आता रुसेल, आता थांबेल. पण ब्रुन्ते मान खाली घालून दुडकत राहिला. समोरचा ओदिन आणि बाजूचा राप्पेन एकमेकांना दम खाऊ देईनात. शेवटच्या वळणावर राप्पेनच्या छातीतली हवा संपली आणि तो मागे सरला. भिंतीला दार पडलं. येर्केर त्या दारातून बाहेर आला. ओदिन घाबरून चौखूर उधळला आणि दुडकी चाल मोडल्यामुळे बाद झाला. पुढे मोकळा ट्रॅक होता.

अस्ताने आधी राग्नवाल्डची टोपी उडवली, मग स्वतःची. "ब्रश! ब्रशचा शब्द!" ती ओरडत होती.

राग्नवाल्डचे डोळे ओले झाले होते. "पोरी, तुझं डोकं तुझ्या आईवर गेलंय," तो म्हणाला. "मी आपला त्याला पुढे ठेवून मारला असता." ओद्वार येऊन सगळ्यांशी हात मिळवून गेला. हिलेवीचा हात त्याने जरा जास्त वेळ धरला आणि म्हणाला, "अशी चाल सुचायला घोडा आतून माहीत असावा लागतो." बोर्येने श्वास आत ओढला.

सगळे कॉफी प्यायला गेल्यावर हिलेवी ब्रुन्तेला धुवायला घेऊन आली. तो नेहमीसारखाच उभा होता, जणू काही झालंच नाही. तिने त्याच्या झुलपांत बोटं घातली. मुळापासून शेंड्यापर्यंत खडी भरली होती. डोळ्यांपर्यंत, नाकापर्यंत एक कणही पोचला नव्हता. सगळी त्या केसांनीच झेलली होती.

तिने खडी तळहातावर झाडली आणि मूठ मिटली.

स्वेआ उलट्या बादलीवर बसून बघत होती. आज ती रडली नव्हती. ब्रुन्तेने हिलेवीच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"आजोबा म्हणाले, तू हात वर केलास म्हणून तो जिंकला," स्वेआ म्हणाली.

"हं."

"मग तू हात खाली ठेवला असतास तर तो आपल्या घरी आला असता का?"