छुईखालची मांजर

मी एक जुनी मांजर आहे. पण मित्रांनो, लगेच दुधाची वाटी आणायला धावू नका. मी दूध पीत नाही, उंदीर धरत नाही आणि जन्मापासून एकदाही म्याव केलेलं नाही. राजेगावात ललिताबाईंच्या घरी सपरी आहे, म्हणजे घरापुढची ओसरी. तिथल्या मातीच्या भिंतीवर काढलेली मांजर ती मी. माझ्या नाकावर एक फुलपाखरू बसलेलं आहे आणि शेजारी माझ्याहून मोठं एक फूल आहे. मांजरीहून मोठं फूल कोणत्या बागेत असतं? पण काढणारी पाच वर्षांची होती, तिला कोण सांगणार!

तिचं नाव अपेक्षा. तिचे वडील हेमराज नागपूरला बांधकामावर असत, सणासुदीला घरी येत. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. ललिताबाई सकाळीच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात जात आणि अंधार पडता पडता परत येत. शेजारचे दुलीचंदकाका मधूनमधून पोरीकडे डोकावून जात, पण बाकी वेळ ती एकटीच. एके दिवशी तिने चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि मला काढलं. फुलाला गेरू लावला, फुलपाखराला हळद. कपड्यांची नीळ बोटाने माझ्या डोळ्यांत भरली. एक डोळा मोठा झाला आणि एक बारीक. शेपटी पायाएवढीच जाड झाली आणि खाली लोंबली. म्हणून लोक मला पाच पायांची म्हणतात. म्हणोत बापडे!

संध्याकाळी ललिताबाई चिखलाच्या पायांनी आल्या आणि दारातच थांबल्या. आता माझी धडगत नाही, असं मला वाटलं.

"काहून खराब केली वं भिंत?"

"तू बांधीत गेली का मले एकटीले भेव लागते," पोरगी म्हणाली. "म्हणून मांजर बसवली. आता नाही लागत."

ललिताबाई तशाच उंबऱ्यावर बसल्या. मग त्यांनी पोरीचे काळे हात आपल्या पदराने पुसले. मला मात्र कोणी पुसलं नाही.

दुलीचंदकाका मला पाहून पोट धरधरून हसले. "अरे, ये बिल्ली है कि बकरी? पाय तर पाच दिसून राह्यले!"

"मांजर आहे," अपेक्षा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमाले चावन!"

वा रे माझी वाघीण! त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की भिंतीला तडा जायचाच बाकी होता.

कामाचं म्हणाल तर मी नुसती बसून राहिले. अपेक्षा मला शाळेतल्या गोष्टी सांगायची, भाकरीचा तुकडा दाखवून स्वतःच खायची आणि माझ्या खाली आडवी होऊन झोपायची. दिवाळी आली की ललिताबाई सगळ्या भिंती छुईने पोतायच्या. छुई म्हणजे आमच्याकडची पांढरी माती. पाण्यात कालवून कपड्याने भिंतीवर फिरवली की घर चकचकीत होतं. पण माझ्याजवळ आल्या की त्या कपडा बाजूला ठेवत आणि एका बोटाने माझ्या मिशांच्या कडेकडेने छुई लावत. दरवर्षी आजूबाजूला नवा थर चढला आणि मी होते तिथेच राहिले, म्हणून हळूहळू माझ्या आकाराचा एक खळगा झाला. हळद उडून जायची, तेव्हा ललिताबाई फुलपाखराला नवी हळद लावायच्या. त्यांचा हात काही चित्रकाराचा नाही. फुलपाखरू दरवर्षी लठ्ठ होत गेलं आणि ते ओझं माझ्या नाकावर!

मग अपेक्षा मोठी झाली आणि नर्सिंग शिकायला बालाघाटला गेली. तिथे होस्टेल, नव्या मैत्रिणी, सगळं बोलणं हिंदीत. घरात उरल्या ललिताबाई आणि मी.

पहिल्या दिवशी त्या शेतातून आल्या, चप्पल काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गेली वं आपली पोरगी." तेव्हापासून रोजचंच झालं. आज पाठ दुखून राह्यली, आज वांगे साजरे निघाले, आज पोरीचा फोन नाही आला, सगळं मला सांगायच्या. माझं जुनंच काम सुरू झालं होतं. फक्त माणूस बदललं होतं. पण हे अपेक्षाला कोणी सांगितलं नाही. ललिताबाईंना सांगायला लाज वाटली असेल आणि मला तर तोंड असून बोलता येत नाही. त्याचंच फार वाईट वाटतं हो.

गेल्या दिवाळीच्या आधी अपेक्षा घरी आली. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण प्रियंका आणि होस्टेलच्या आणखी दोघी जेवायला येणार होत्या. ललिताबाई धान कापायला गेल्या होत्या. आईला तेवढाच आराम म्हणून पोरीने पदर खोचला आणि छुई कालवली. मनाने वाईट नाही हो ती. माझ्यासमोर आली तेव्हा हसलीसुद्धा. मग तिचं हसू गेलं.

"बिल्ली है कि बकरी," ती स्वतःशीच पुटपुटली. "सब हँसेंगी."

आणि तिने कपडा बुडवला. आधी फूल गेलं, मग फुलपाखरू, मग माझे पाचही पाय. डोळ्यांपाशी तिचा हात थांबला. मला वाटलं, ओळखलं हिने! पण कपड्यातलं पाणी गळत होतं, ते निथळायला ती थांबली होती.

ललिताबाई हातात विळा घेऊन आल्या.

"पाह्य आई, कशी मस्त झाली भिंत! आता कोणी हसणार नाही."

ललिताबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "हौ," त्या म्हणाल्या. "साजरी झाली." आणि विळा खुंटीला अडकवायला आत गेल्या. एवढ्या हौसेने राबलेल्या लेकीला काय बोलणार? मी छुईखालून सगळं ऐकत होते. माझा जीव तुटत होता.

मैत्रिणी आल्या, जेवल्या, खिदळल्या, फोटो काढले आणि गेल्या. भिंतीकडे एकीनेही ढुंकून पाहिलं नाही.

अपेक्षाही परत गेली. ललिताबाई शेतातून आल्या, चप्पल काढता काढता "आज ना..." म्हणाल्या आणि तशाच आत गेल्या. कितीतरी दिवस त्या सपरीत टेकल्याच नाहीत. मग एका संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. ललिताबाई फोन मोठ्या आवाजात लावतात, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आई, एवढ्या घरात एकटी राह्यते. भेव नाही लागत तुले?"

"लागत नव्हतं वं," ललिताबाई म्हणाल्या. "तू मांजर बसवून गेलती ना."

तिकडून रडका आवाज आला, "मले काहून नाही सांगितलं? मी आली का पुन्हा काढून देईन."

"दे काढून," ललिताबाई म्हणाल्या. "पण आता तुले पाच पायाची नाही जमणार, बाई."

फोन ठेवून त्या उठल्या. पदराचा कोपरा पाण्यात भिजवला, बोटांनी खळगा चाचपला आणि त्यावर ओला पदर दाबला. छुई ओली झाली की खालचं थोडं दिसतं. आधी माझा मोठा डोळा दिसला, मग मिशा, मग लठ्ठ फुलपाखरू. ललिताबाई लगबगीने सांगायला लागल्या. मिरच्या तोडल्या, दुलीचंदभाऊंची गाय व्याली, अपेक्षा रडली. बोलणं अर्ध्यावर असतानाच भिंत सुकत आली आणि मी पांढरी होत गेले.

मित्रांनो, तुमच्याही घरात तुम्ही लहानपणी काढलेलं असं काही असेल. आज ते वेडंवाकडं वाटेल, लाज वाटेल. पुसायच्या आधी आईला विचारा, हे तुला लागतं का? ती नाहीच म्हणेल. तेव्हा जरा तिच्या तोंडाकडे बघा आणि मग कपडा बुडवा. माझ्या अपेक्षाने बघितलं नाही. आता रोज संध्याकाळी ललिताबाई पदर भिजवतात आणि भिंत सुकेपर्यंत जेवढं सांगून होतं, तेवढं सांगतात.