टेबलाच्या अलीकडची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी, सरळ पाठीची, आता एका पायाने लंगडी. सुताराने घडवलं तेव्हा माझे चारही पाय सारखे होते आणि ग्रंथालयात मला मान होता. पुढे एका हमालाने मला जिन्यावरून आपटलं आणि माझी रवानगी मुलाखतीच्या खोलीत झाली. टेबलापलीकडच्या गुबगुबीत खुर्च्या प्राध्यापकांना. मी अलीकडे, एम.एस्सी.ला प्रवेश मागणाऱ्या मुलांना. माझ्यावर बसलेला प्रत्येक जण डुगडुगायचा आणि पलीकडच्यांना वाटायचं, हा घाबरलाय.

आमच्याकडे एक नियम आहे. मुलाखत चालू असताना दार सताड उघडं ठेवायचं, वशिल्याचा संशय नको म्हणून. मलाही तो नियम चांगला वाटायचा.

एकदा एक मुलगी लवकर आली. प्राध्यापक चहाला गेले होते. ती माझ्यावर बसून उत्तर घोकू लागली, "सर, दुसऱ्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला. तिचं सगळं मीच करायचे. म्हणून तीन विषय राहिले. आईला अजून माहीत नाही, तिला पास झाले असंच सांगितलंय." शेवटच्या वाक्याला दर वेळी तिचा आवाज चिरकायचा.

प्राध्यापक आले आणि पाठोपाठ काठीची टकटक ऐकू आली. "अगं, पाण्याची बाटली विसरलीस घरी," म्हणत आई दाराबाहेरच्या बाकावर टेकली. मुलीने माझी कड घट्ट धरली.

"बाकी सगळं उत्तम," सर म्हणाले. "मग दुसऱ्या वर्षीच तीन विषय कसे राहिले?"

तिने दाराकडे पाहिलं. "अभ्यासच केला नाही, सर."

"घरी काही अडचण होती का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. आळस केला."

"खरं बोललीस, पण आळशाला जागा द्यायची कशी?" सर हसले.

मला तिचा रागच आला. तोंड असतं तर मी ओरडले असते.

बाहेर आईचा आवाज आला, "दुसरं वर्ष म्हणजे... मी पडून होते तेव्हा ना गं?"

"चल आई. पायऱ्या सांभाळ."

काठीची टकटक बराच वेळ सुरूच झाली नाही.

यादीत तिचं नाव आलं नाही. शिपायाने नाकारलेल्या अर्जांतला एक घडी घालून माझ्या आखूड पायाखाली सारला. तो तिचाच होता. आता मी डुगडुगत नाही. शिपाई म्हणतो, खुर्ची सुधारली. मला त्याची फार लाज वाटते.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त नाही केलात तरी चालेल. पण उद्या तुम्ही टेबलापलीकडे बसाल. समोरच्याला कमी गुणांचं कारण विचारण्याआधी एकदा उठा आणि दार लावून घ्या.